माळावरची खुली परीक्षा

ज्या विद्यापीठाची मी पदवीधर आहे, ते विद्यापीठ मी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. यात लाजण्यासारखं काही नाही, माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. दिवसा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचं, संध्याकाळी चूल आणि लेकरं बघायची, आणि पहाटे उठून बी.ए.ची पुस्तकं उघडायची. बहिःस्थ म्हणून माझा अर्ज पोस्टानं गेला, परीक्षा कवठे महांकाळच्या कॉलेजात झाली आणि पदवी पुन्हा पोस्टानंच घरी आली. त्या कागदाच्या माथ्यावर एका इमारतीचं चित्र आहे. मधे घुमट, दोन्ही बाजूंना कमानींची रांग. ते चित्र मी इतक्यांदा पाहिलंय की कमानी किती आहेत ते झोपेतसुद्धा सांगेन. अकरा.

या हिवाळ्याच्या अखेरीस सुजाता घरी आली. सुजाता माझी विद्यार्थिनी, पहिली ते चौथी माझ्याच वर्गात होती. तिचे वडील तानाजीभाऊ सैन्यातून हवालदार होऊन परतले, आता आमच्याच वाडीवर द्राक्षाची बाग करतात. सुजातानं पाच वर्षं आमच्या भागातल्या साठेक विहिरींचं पाणी दर महिन्याला फितीनं मोजलं आणि त्यावर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. तिच्या हातात एक छापील कागद होता.

"बाई, बुधवारी माझी खुली मौखिक परीक्षा आहे. खुली म्हणजे कुणीही येऊन बसायचं. कुणीही प्रश्न विचारायचा."

"कुणीही? मीसुद्धा?"

"तुम्ही तर पहिल्या. मी ज्यांच्या ज्यांच्या विहिरी मोजल्या त्या सगळ्यांना कागद दिलाय."

आमचे हे पत्र्याच्या पेट्या आणि कोठ्या बनवतात. हातोडा खाली ठेवून ते आमच्या घरच्या दखनी बोलीत म्हणाले, "इत्ते साल कागद पे देखी ना? अब जाके आंख से देखके आव."

झालं. मी त्या क्षणी मनानं निघालेच!

मंगळवार : कोरड्यातून ओल्यात

तानाजीभाऊंनी सहाला निघू म्हटलं होतं. फौजी माणसाचे सहा म्हणजे पावणेसहा, हे मला ठाऊक होतं म्हणून मी साडेपाचलाच पिशवी घेऊन ओट्यावर बसले होते. जुनी बोलेरो आली. पुढे तानाजीभाऊ, मागे सुजाता आणि तिची आई मालनवहिनी. वहिनींच्या मांडीवर दशम्यांचा डबा, शेंगांची चटणी आणि एक मोठा झेंडूचा हार, ओल्या फडक्यात गुंडाळलेला.

"पास व्हायच्या आधीच हार?" मी विचारलं.

"आवं बाई, तितं गेल्यावर मिळंल न मिळंल. आणि पोरगी नापास व्हायची हाय व्हय?"

सुजातानं डोळे मिटून घेतले. ती मनातल्या मनात उत्तरं घोकत होती.

आमच्या भागातून निघताना दोन्ही बाजूंना काय दिसतं, ते न पाहिलेल्यांसाठी सांगते. बाभळी, खडकाळ माळ, मधेच द्राक्षाचा हिरवा तुकडा आणि शेजारी बेदाण्याची शेड. शेडमध्ये हिरवट सोनेरी मणी जाळीवर पसरलेले. जिथं बोअर लागलं तिथं हिरवं, लागलं नाही तिथं पिवळं. जमिनीकडं बघून कुणाच्या नशिबाला पाणी आहे ते कळतं. कालवा आमच्या वाडीच्या खालच्या अंगानं गेलाय. खालच्यांना पाणी मिळालं, आम्ही वरच्या अंगाला, आम्ही ते पाणी नुसतं बघतो.

मिरज मागे पडली, सांगलीच्या पुलावरून कृष्णा ओलांडली आणि माती काळी झाली. किती काळी! वर ऊस, ऊस आणि ऊस. गळिताचा हंगाम ऐन भरात होता. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, उसानं इतक्या भरलेल्या की मागून बघितलं तर उसाचं एक घरच डुलत चाललंय असं वाटावं. आष्ट्याच्या पुढे अशाच एका घरामागे आम्ही तासभर अडकलो. ट्रॅक्टरवाल्यानं गाणी इतकी मोठी लावली होती की हॉर्न त्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. शेवटी तानाजीभाऊ चिडून म्हणाले, "सरहद्दीवर एवढा टायम थांबलो न्हाई कवा," आणि ट्रॉली ओलांडताना वरून घसरलेली एक उसाची कांडी मालनवहिनींनी खिडकीतून हात काढून झेलली. ती चौघांनी वाटून खाल्ली, मग राग आपोआप गेला.

इस्लामपुरात नाश्त्याला थांबलो. मिसळ झणझणीत होती, पण मला लक्षात राहिलं ते पाणी. पोऱ्या नव्हता, मालक स्वतःच जग घेऊन फिरत होता. ज्याचा पेला अर्धा त्याचं पाणी तो मोरीत फेकायचा आणि नवं भरायचा. आमच्याकडं पाहुण्याला 'किती देऊ?' असं विचारून पाणी देतात, आणि पाहुणाही अर्धाच पेला मागतो. त्यात कंजूषपणा नाही, रीत आहे. मालनवहिनींनी चारही पेले रिकामे करूनच टेबल सोडलं. "फेकाय बघवत न्हाई," एवढंच म्हणाल्या.

तिथंच मी विचारू नये ते विचारलं. "अण्णांना कागद दिलास का गं?"

शंकरअण्णा म्हणजे तानाजीभाऊंचे थोरले भाऊ. वाडीतली सगळ्यात नावाजलेली थोरली विहीर त्यांच्या वाट्याला आलेली. तिचं पाणी कधी आटत नाही, असं आजूबाजूच्या गावांत म्हणतात. सुजातानं शेवटच्या वर्षी फीत घेऊन तिथं जायला सुरुवात केली, तेव्हा अण्णांनी विहिरीच्या फाटकाला कुलूप घातलं. 'घरातली पोरगी आमच्या पाण्यावर पाळत ठेवती' म्हणाले. त्या दिवसापासून दोन्ही भावांचं बोलणं बंद.

"दिला," सुजाता म्हणाली. "हातात घेतला नाही. फाटकाच्या फटीत खोचून आले."

तानाजीभाऊ उठून गाडीकडं गेले. मिसळीचा पाव तसाच राहिला होता.

महामार्ग सोडला आणि रस्ता चढाला लागला. ऊस खाली राहिला, वर पुन्हा आमच्यासारखाच माळ आला आणि मी खिडकीतून मान बाहेर काढली. एका वळणावर, गवताच्या पिवळ्या कडेवर, घुमट दिसला.

"थांबवा!" मी ओरडले. तानाजीभाऊंना वाटलं काहीतरी गाडीखाली आलं.

मी खाली उतरले आणि कमानी मोजल्या. बारा होत्या! जन्मभर मी अकरा धरून चालले होते, आणि बारावी कमान चित्रात माझ्याच पदवीच्या शिक्क्याखाली झाकली गेली होती.

मंगळवारी दुपारी : बापूंचं विद्यापीठ

फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ खुरपं घेऊन गुलमोहराचं आळं नीट करत होते. नाव बापू. बागकामातून निवृत्त झालेत, पण रोज येतात. सुजातानं माझी ओळख करून दिली, मी इथली पदवीधर आहे आणि आज पहिल्यांदा येतेय. बापूंनी खुरपं धोतराला पुसलं.

"मग तुमी पावण्या न्हवं. इथल्याच की. चला दावतो तुमचं इद्यापीठ."

आणि खरोखर त्या माणसानं सगळी दुपार मला दिली.

हे विद्यापीठ दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर का आहे, ते मला त्यांच्याकडून कळलं. सातारकर म्हणत आमच्याकडं हवं, सांगलीकर म्हणत आमच्याकडं. भांडण काही मिटेना. शेवटी कुणीतरी म्हणालं, हद्दीवरच्या माळावर बांधा. तिथं काही पिकत नाही, म्हणजे कुणाचं काही जाणार नाही. "म्हनून म्होरलं फाटक साताऱ्यात हाय आणि मागलं सांगलीत," बापू म्हणाले. मुख्य इमारतीच्या व्हरांड्यात फरशीवर एक पितळी पट्टी बसवलीय, ती हद्द. एक पाय साताऱ्यात आणि एक सांगलीत ठेवून उभं राहून फोटो काढल्याशिवाय नवा विद्यार्थी वर्गात जात नाही. मी काढला. मालनवहिनींनी नऊवारीचा ओचा सावरून काढला. तानाजीभाऊ आधी नको म्हणाले, मग त्यांनी सलाम ठोकून काढला.

माळ मात्र ओसाड नव्हता, ते जवळच्या गावाचं गायरान होतं. बापू त्या गावचे. गावानं जमीन दिली ती अट घालून. शेळ्या-मेंढ्यांची पाणंद बंद करायची नाही, आणि गावातल्या कुणालाही ग्रंथालयात बसायला अडवायचं नाही. दोन्ही अटी अजून पाळतात! रसायनशास्त्राच्या आणि भाषाभवनाच्या मधून एक मातीची वाट जाते आणि दिवसातून दोनदा तिच्यावरून घंटा वाजवत शेळ्या जातात. त्या वेळी मुलंमुली सायकली थांबवून बाजूला उभी राहतात. कुणी हॉर्न वाजवत नाही. शहरात मी ॲम्ब्युलन्सला असा मान मिळालेला पाहिला नाही.

"आणि दुसरी अट?" मी विचारलं.

बापू जरा हसले. "मी चवथी शिकल्यालो. जेवायच्या सुट्टीत ग्रंथालयात जाऊन बसायचो. आदी पेपर, मग झाडांची बुकं. साहेब लोक मला झाडाचं नाव इचाराय लागले, तवा मला बी कळलं, आपून वाचतोय."

सगळ्यात भारी होतं ते तळं. इमारतीसाठी दगड हवा होता, तो बाहेरून आणायला परवडेना, म्हणून माळावरच खाण काढली. काळा दगड वर येत गेला, भिंती चढत गेल्या, आणि खाण खोल होत गेली. घुमट झाला तेव्हा मागे एक प्रचंड खड्डा उरला होता. पहिली काही वर्षं इथं प्यायला पाणी नव्हतं, मुलं पत्र्याच्या शेडमध्ये राहायची आणि बैलगाडीवरच्या पिपातनं पाणी यायचं. तेव्हाच्या कुलगुरूंनी रविवारी स्वतः मातीची पाटी उचलली, मागोमाग मुलं उतरली, माळावरच्या चरांचं तोंड त्या खड्ड्याकडं वळवलं. दोन पावसाळ्यांत खाणीचं तळं झालं. आज त्यात घुमटाची उलटी सावली पडते. म्हणजे बघा, जिथून इमारत निघाली तिथंच ती पुन्हा दिसते! मी काठावर बसून राहिले. माझ्या भागात असे किती खड्डे रिकामे पडलेत, ते आठवत होते.

याच वेळी वर गाडीजवळ अनर्थ चालला होता. घंटा वाजल्या, शेळ्या आल्या, आणि बोलेरोच्या उघड्या दारातून एकीनं झेंडूचा हार ओढून काढला. मालनवहिनी धावल्या तोवर अर्धा हार पोटात गेला होता. शेळी राखणारी बाई ओशाळून म्हणाली, "माफ करा वो, तिला फुलं लय आवडत्यात." वहिनी म्हणाल्या, "खाऊ दे. तिला बी कवा कुणी हार घालणार हाय?"

संध्याकाळी अतिथीगृहाच्या खाणावळीत जेवलो. ती चालवणाऱ्या बाई कोरेगावच्या. त्यांनी वाघ्या घेवड्याची उसळ वाढली, दाट, मऊ, खोबरं-लसणाच्या वाटणाची. आमच्याकडं मटकी आणि हुलगा. घेवडा इतका मवाळ असतो हे मला माहीतच नव्हतं. मी तीनदा वाढून घेतली. सुजातानं मात्र अर्धी भाकरी चिवडली.

"कशाची भीती वाटते?" मी विचारलं.

"बाई, माझा निष्कर्ष आहे की खोल बोअर जुन्या विहिरींचं पाणी ओढतात. पण जिथं सगळ्यात जास्त बोअर आहेत तिथलीच विहीर मी बघितलेली नाही. नकाशात ती जागा पांढरी आहे. उद्या कुणी म्हणालं, घरच्यांची झाकलीस, तर?"

मी तिच्या ताटात तूप वाढलं.

बुधवार : परीक्षा

भूगोल विभागाचं सभागृह छोटं, उतरत्या बाकांचं. मी पहिल्या रांगेत. वाडीवरचे आणखी सहा-सात विहीरमालक पहाटेच्या एसटीनं निघून वेळेत पोचले होते आणि चपला दाराबाहेर काढून आले होते. विभागप्रमुख स्वतः बाहेर जाऊन म्हणाले, "चपला घालूनच बसा हो, हे देऊळ नाही." त्यावर एक जण म्हणाला, "आमाला तेवढंच वाटतंय, ऱ्हाऊ द्या." मग राहू दिलं.

परीक्षक म्हणून दुसऱ्या विद्यापीठातून पांढऱ्या केसांच्या एक प्राध्यापक बाई आल्या होत्या. सुजाता आईची इरकल नेसून उभी राहिली. सुरुवातीला ती कागदावरचं वाचूनच बोलत होती. पण भिंतीवर आमच्या भागाचा नकाशा उमटला, त्यावर ओळखीच्या विहिरी निळ्या ठिपक्यांनी लागल्या आणि मागच्या बाकावरून कुजबूज सुरू झाली, "ती बघ माझी, ती बघ तुझी!" तेव्हा ती हसली आणि मग तिचा सूर लागला. विहिरींची पातळी वर्षागणिक कशी खाली गेली, बोअरपासून लांब असलेल्या कशा तग धरून राहिल्या, सगळं ती अशा मराठीत सांगत होती की चौथीच्या वर्गालाही कळावं. हिला मी 'पाणी' हा शब्द लिहायला शिकवला होता.

परीक्षक बाईंनी कडक प्रश्न विचारले. शेवटी चष्मा काढून त्या म्हणाल्या, "नकाशाच्या मधोमध ही एक विहीर पांढरी का?"

"मालकांनी परवानगी दिली नाही."

"मालक कोण?"

"माझे चुलते, मॅडम."

सभागृहात हशा पिकला. तानाजीभाऊंनी मान खाली घातली. विभागप्रमुखांनी घड्याळ बघितलं आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचंय?"

"मला इचारायचंय."

आवाज मागच्या दारातून आला. सगळ्यांनी माना वळवल्या. पांढरा पायजमा, टोपी, हातात एसटीची तिकिटं चुरगळलेली. शंकरअण्णा! ते कधी आले होते कोण जाणे. दारालाच टेकून उभे होते.

तानाजीभाऊ उठायला लागले. मालनवहिनींनी त्यांचा शर्ट धरून खाली बसवलं.

"आपलं नाव?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"ती पांढरी हीर माझीच." अण्णा दोन पायऱ्या खाली आले. "पोरी, तू म्हणतीस तुझं गणित खरं हाय. मग न बघता सांग. तुज्या गणितानं माझ्या हिरीला किती पाणी हाय?"

मी आयुष्यात पुष्कळ परीक्षा घेतल्या. पण असा प्रश्न मी कधी कुणाला विचारला नाही. सुजातानं नकाशाकडं पाहिलं, मग अण्णांकडं.

"सांगू?"

"सांग की. खुली परीक्षा हाय म्हणं."

"अण्णा, तुमच्या भोवती चार बोअर आहेत. शेजारच्या विहिरी ज्या वेगानं उतरल्या, तो धरला तर तुमची विहीर मागच्या उन्हाळ्यात कोरडी पडायला हवी होती." तिनं त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं. "पण मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. म्हणून लिहिलेलं नाही."

मागच्या बाकावरचा एक मालक पुटपुटला, "थोरली हीर आटती व्हय?"

अण्णांनी टोपी काढली. "मागच्या न्हवं," ते म्हणाले. "त्याच्या आदल्या उन्हाळ्यात. एक साल आदीच."

मग ते जे बोलले ते थांबून थांबून बोलले. "माझ्या बानं खांदलीया ती. बारा गावचं लोक म्हणत्यात, थोरलीचं पाणी आटत न्हाई. मी एकामागं एक बोअर मारली, आन हिरीनं मान टाकली. कुणाला दावू? त्यात ही पोर फीत घिऊन आली. म्हणून कुलूप घातलं. पोरीवर राग न्हवता. लाज वाटत हुती."

सुजाताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण परीक्षक बाईंची लेखणी थांबली नव्हती. त्यांनी वर पाहिलं. "तुमचा अंदाज एका वर्षानं चुकला. का?"

सुजातानं नकाशा पुन्हा पाहिला. "मला... सांगता येत नाही, मॅडम. काहीतरी माझ्या माहितीत नाही."

"मी सांगतो," अण्णा म्हणाले. "चार न्हाईत, सा बोअर हायत. दोन झाडीत हायत, कुणाला म्हाईत न्हाईत."

काय तो हशा! परीक्षक बाई स्वतः पोट धरून हसल्या. विहीरमालकांनी बाक वाजवले. आणि त्या गोंधळात मी पाहिलं, सुजाता हसत नव्हती. ती फळ्यावर खडूनं भराभर आकडे मांडत होती. सहा बोअर धरून तिनं गणित पुन्हा केलं, वळली आणि म्हणाली, "जुळतं! मॅडम, आता जुळतं!"

मी सरळ उभी राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. परीक्षेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे मला कळतं. पण एकसष्टाव्या वर्षी मी माझ्या विद्यापीठात पहिल्यांदा आले होते, आणि माझ्या समोर एक खरी गोष्ट खरी ठरली होती.

परीक्षक बाईंनी शिफारस वाचून दाखवली. पीएच.डी. पदवी द्यावी, ग्रंथालयात ठेवायच्या प्रतीत त्या विहिरीची नोंद घालावी. मग त्या अण्णांना म्हणाल्या, "काका, आकडे तपासायला आम्हाला बोलावतात. पण आजची खरी तपासणी तुम्ही केलीत."

"मी कसला," अण्णा म्हणाले. "पोर चुकतीय का बघाय आलतो."

बाहेर चहा-समोसे होते. तानाजीभाऊ समोशाची बशी घेऊन एका खांबाशी उभे होते, अण्णा दुसऱ्या खांबाशी. मधे बारा पावलांचा व्हरांडा. आम्ही बायका लांबून बघत होतो. शेवटी धाकटा थोरल्याकडं गेला.

"दादा, जेवलायस का?"

"यष्टीत कसलं जेवण रं."

"मग चल. घेवडा लय झकास करत्यात हितं."

गुरुवार : परतीला

परतीला बोलेरोत आम्ही पाच जण. अण्णा पुढच्या सीटवर. सांगलीत भडंगाची पुडकी घेतली आणि वाडीपर्यंत दोघं भाऊ एकाच पुडक्यातून खात होते. बोलणं फारसं झालं नाही. "ऊस जोरात हाय," एक म्हणायचा. "व्हय," दुसरा म्हणायचा. दीड वर्षानंतर तेवढंही पुष्कळ होतं.

मला घरी सोडायचं होतं, पण अण्णा म्हणाले, "बाई, तुमी बी चला. साक्षीला." म्हणून आम्ही सरळ थोरल्या विहिरीवर गेलो. उन्हं अजून चांगली वर होती. कुलूप गंजलेलं, किल्ली फिरेना. तानाजीभाऊंनी दगड घेतला आणि तिसऱ्या घावाला ते उघडलं.

आत वाकून पाहिलं. पारव्यांचा थवा फडफडत वर आला. दगडी बांधणी किती सुंदर, पायऱ्या सरळ खाली गेलेल्या, आणि तळाला चिरफाळलेला गाळ. सुजातानं फीत सोडली. खाली वजन टेकलं तेव्हा ठक्क असा कोरडा आवाज आला. अण्णांनी तोंड फिरवलं. सुजातानं आकडा वहीत लिहिला.

मग अण्णांनीच विचारलं, "आता फुडं?"

"सहातली तीन बोअर बंद ठेवा," ती म्हणाली. "उताराचं पाणी चर खणून हिच्यात वळवू. विद्यापीठात खाणीचं तळं केलं तसं. दोन पावसाळे बघू."

"एक बंद करतो."

"तीन, अण्णा."

"दोन."

"तीन. नाहीतर मी मोजायला येणार नाही."

अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, तुमीच शिकीवलं का हिला ह्ये?" आणि झाडीकडं चालू पडले. त्यांच्या मागोमाग आम्ही. लपवलेली दोन बोअर आणि बांधावरचं एक. मोटरींच्या तिन्ही पेट्या त्यांनी एकापाठोपाठ एक उघडल्या, प्रत्येकीतला फ्यूज उपसून काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसावा तसा पायजम्याला पुसला. मग तिन्ही फ्यूज त्यांनी तानाजीभाऊंच्या ओंजळीत टाकले.

"तुज्याकडं ठेव," ते म्हणाले. "चैत्रात मी मागाय यीन. दिऊ नगंस."